वाचकांचे प्रश्न : दाढेतलं सिमेंट आकसतं तेव्हा

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी खालच्या दाढेत दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं. थंड-गरम लागत नाही, पण भाकरी चावताना मध्येच जोराची कळ येते. एक्स-रे चांगला आहे. ‘सिमेंट थोडं आकसतं, होईल कमी,’ असं डॉक्टर म्हणतात. वाट पाहू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आकसतं हे खरं. पण त्याला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली म्हणजे भरलेल्या सिमेंटची उंची. भरताना जबडा बधिर असतो, त्यामुळे नीट चावता येत नाही आणि उंच राहिलेला ठिपका त्या दिवशी नजरेतून सुटतो. कार्बन पेपर ठेवून सरळ चावून बघायचं, मग दात डावी-उजवीकडे घासूनही. दुसरी म्हणजे तडा. दाढेच्या एकेका टोकावर काडी ठेवून चावायला लावतात. दाब सोडताना कळ आली तर तड्याचा संशय घ्यावा.

दोन्ही नसेल तर सिमेंटखाली फट असण्याची शक्यता मोठी. दाताच्या रंगाच्या या सिमेंटला कॉम्पोझिट म्हणतात. त्यात काचेची बारीक भुकटी आणि रेझिन, म्हणजे लाइटने घट्ट होणारा चिकट पदार्थ, असतो. निळा लाइट पडला की रेझिनचे सुटे रेणू साखळीत जोडले जातात, जवळ येतात आणि आकारमान साधारण 2 ते 3.5 टक्क्यांनी घटतं. खड्डा 4 मिमी लांब, रुंद आणि खोल धरा. त्यात 64 घन मिमी माल बसतो. 3 टक्के आकसला तर जवळजवळ 2 घन मिमी, म्हणजे मोहरीच्या एका दाण्याएवढी जागा कमी पडते. माल मऊ असेपर्यंत वरच्या मोकळ्या बाजूने तो खाली सरकून ही तूट भरून काढतो. घट्ट झाला की सरकणं थांबतं आणि भिंतींवर ओढ बसते. मग दाढेची टोकं काही मायक्रॉन आत वाकतात, कडेचं एनॅमल (दाताचं वरचं कठीण कवच) तडकतं, नाहीतर चिकटवण सुटते. ती बहुधा तळाशी सुटते, कारण तिथल्या ओलसर डेंटिनवर (एनॅमलखालच्या थरावर) बाँडिंगची पकड एनॅमलइतकी भरवशाची नसते.

त्या फटीत डेंटिनच्या नळ्यांमधला द्रव साचतो. चावलं की सिमेंट किंचित दबतं, द्रव नळ्यांतून आत ढकलला जातो आणि नसेला कळ जाणवते. एवढी बारीक फट एक्स-रेत दिसत नाही.

कळ दिवसागणिक कमी होत असेल तर थांबा. कॉम्पोझिट काही आठवडे तोंडातलं पाणी शोषून किंचित फुगतं, त्याने थोडा ताण उतरतो. पण सुटलेली चिकटवण पाण्याने पुन्हा चिकटत नाही. तिसऱ्या आठवड्यातही कळ पहिल्या दिवसाइतकीच असेल, तर आता वाट पाहू नका. वरून डागडुजी उपयोगाची नाही. सिमेंट पूर्ण काढून, तळाला ग्लास आयोनोमर (दाताला आपणहून चिकटणारं वेगळं सिमेंट) देऊन पुन्हा भरून घ्यावं. रात्री आपोआप ठणका लागला किंवा गरम लागल्यावर कळ बराच वेळ टिकली, तर नस सुजलेली असू शकते. मग लगेच दाखवा.

प्रश्न : मी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे. 2 मिमीच्या थरांनीच भरते, तरी कडेला पांढरी रेघ दिसते. कुठे चुकतं? (एक दंतवैद्य, नाशिक)

उत्तर : 2 मिमी हे माप मुख्यतः लाइट तळापर्यंत पोचावा म्हणून आहे. ताणाच्या बाबतीत थर एका वेळी किती भिंतींना चिकटतो, हेही पाहावं लागतं. चिकटलेल्या आणि मोकळ्या बाजूंच्या गुणोत्तराला सी-फॅक्टर म्हणतात. चौकोनी खड्ड्यात पाच बाजू चिकटलेल्या आणि एक मोकळी, म्हणजे सी-फॅक्टर 5. फाइल्झर आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडलेलं हे गुणोत्तर आजही कामाला येतं. गालाकडची आणि जिभेकडची भिंत एकाच आडव्या थराने जोडू नका. तिरका थर तळ आणि एका भिंतीला लावा, क्युअर करा (लाइटने घट्ट करा), मग दुसरी बाजू घ्या. मात्र थर लावले की ताण गेला, असं मानू नका. संगणकी प्रारूपांवरच्या अभ्यासात थरांनी भरल्यावर टोकं जास्त आत ओढली गेल्याचंही दिसलं आहे. थरांचा खरा भरवशाचा फायदा म्हणजे पूर्ण क्युअरिंग आणि भिंतीला नीट बसणं.

रेघेचं दुसरं कारण फिनिशिंगमध्ये असतं, आणि तिकडे फार कमी लक्ष जातं. भरल्या भरल्या जाड बर (घासायचं फिरतं टोक) कोरडा फिरवला की ताणाखालची कड लगेच फुटते. बारीक बर, भरपूर पाणी, हलका हात. रेघ दिसलीच तर 37 टक्के फॉस्फोरिक अॅसिड 15 सेकंद, धुणं, वाळवणं, पातळ रेझिनचा हात आणि 20 सेकंद लाइट. ताण कमी व्हावा म्हणून लाइटचा वेळ मात्र कधीही कापू नका. अर्धवट क्युअर झालेलं कॉम्पोझिट कमी आकसतं खरं, पण ते कच्चंच राहतं आणि लवकर झिजतं.

प्रश्न : बल्क-फिल आकसत नाही म्हणतात, ते खरं का?

उत्तर : नाही. बल्क-फिल म्हणजे एकाच जाड थरात भरायचं कॉम्पोझिट. त्यातून लाइट जास्त खोल जातो, म्हणून 4 मिमीचा थर एकदम भरता येतो आणि ताण बेताचा राहावा अशी रेझिनची रचना केलेली असते. आकसणं टळत नाही. बल्क-फिलच्या पातळ, वाहत्या प्रकारावर वरचा 2 मिमीचा थर नेहमीच्या कॉम्पोझिटचा द्यावाच लागतो. तो गाळला तर चावण्याच्या जागी सिमेंट झिजतं.