कॅश क्रेडिटमधून भरलेला विम्याचा हप्ता

काटोल तालुक्यातील एका वाचकांनी पत्र पाठवले आहे. त्यांच्या वडिलांची सहा एकर संत्र्याची बाग असून गेली काही वर्षे सारे घर मिळून जांभूळ, संत्रा आणि बोरापासून वाइन तयार करते. वर्षाला सुमारे ९,००० बाटल्या विकल्या जातात. टाक्या अपुऱ्या पडतात, म्हणून ३५ लाखांचे नवे कर्ज काढून टाक्या, शीतगृह आणि पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम उभारावी, की मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात साठवलेले १४ लाख मोडून उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी, केवळ तपशील पूर्ण व्हावा म्हणून लिहावी तशी, एक ओळ आहे: ‘कर्ज मंजूर होताना बँकेच्या अधिकाऱ्यांनी सुचवलेली हमखास परताव्याची पॉलिसी चालू आहे, ३ लाखांचा वार्षिक हप्ता सीसी खात्यातून परस्पर जातो, तिच्या पैशातून पुढे कर्जही फिटेल.’ टाक्यांचा विचार मी नंतर करीन. आधी या ओळीचा केला पाहिजे.

सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खाते हे फळे, साखर आणि बाटल्या यांच्या खरेदीसाठी दिलेले उसने भांडवल असते आणि आपण त्यावर ११ टक्के व्याज भरता. पॉलिसीच्या कागदानुसार १० वर्षे ३ लाख भरल्यावर १५ व्या वर्षाच्या अखेरीस ५१ लाख मिळणार आहेत. आकडा भारदस्त वाटतो. परंतु त्याचा वार्षिक परतावा जेमतेम पाच टक्के निघतो. हेच हप्ते सीसीतून उचलले गेले आणि ती उचल कमी झाली नाही, तर १५ वर्षांत त्यांचा व्याजासह बोजा ९३ लाखांच्या पुढे जाईल. म्हणजे ५१ लाख मिळवण्यासाठी ९३ लाखांचे देणे करून ठेवायचे आणि त्यालाच कर्जफेडीची तरतूद म्हणायचे! ज्या अधिकाऱ्यांनी हे सुचवले त्यांना व्याजाचा दर ठाऊक नव्हता असे मानणे कठीण आहे. कर्जासाठी अशी गुंतवणुकीची पॉलिसी घेणे बंधनकारक करता येत नाही, त्यामुळे बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार जरूर करावी. मात्र तिच्या निकालाची वाट पाहत चौथा हप्ता भरू नये.

आतापर्यंत ९ लाख भरले असून आज पॉलिसी सोडल्यास ५ लाख ६० हजार मिळतील, असे कंपनीने आपल्याला कळवले आहे. ३ लाख ४० हजारांचे नुकसान सोसवत नाही, हे मी समजू शकतो. पण ते झालेले आहे, आणि हिशेब पुढचा करायचा आहे. आजचे ५ लाख ६० हजार आणि उरलेले सात हप्ते धरले, तर पुढचा परतावा सात टक्क्यांच्या आसपास येतो. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केल्यास, म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवल्यास, १२ वर्षांनी १२ लाख मिळतील, म्हणजे तोही साडेसहा टक्क्यांच्या आसपासच राहतो. तेच ५ लाख ६० हजार सीसी खात्यात भरले, तर पहिल्याच वर्षी ६० हजारांहून अधिक व्याज वाचते. पॉलिसी सोडावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

याहून गंभीर गोष्ट त्या पॉलिसीतील संरक्षणाची आहे. आपले मुदतीचे कर्ज ३२ लाख शिल्लक आहे, सीसीची १५ लाखांची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरलेली आहे आणि विमा केवळ ३० लाखांचा आहे. व्यवसाय आपल्या एकट्याच्या नावावर, जामीनदार पत्नी आणि वडील, तारण वडिलांची बाग. उद्या आपले काही बरेवाईट झाले, तर ४७ लाखांचे देणे त्या दोघांच्या दारात उभे राहील, आणि वाइनचे गणित तर आपल्याच हातात आहे. आपल्या वयाला, म्हणजे ४१ व्या वर्षी, १ कोटीचा टर्म विमा, म्हणजे केवळ मृत्यूचे संरक्षण देणारा विमा, साधारणपणे वर्षाला २० ते २५ हजारांत मिळावा. व्यवसाय न लपवता अर्ज करावा आणि पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली, पत्नी व मुलीच्या लाभासाठी घ्यावी. अशा पॉलिसीच्या रकमेवर आपल्या धनकोंना हक्क सांगता येत नाही. तो विमा हाती आल्यावरच जुनी पॉलिसी सोडावी. मध्ये एखादा महिना गेला तरी चालेल, कारण चौथ्या हप्त्याला अद्याप तीन महिने आहेत.

आता टाक्या. आपली क्षमता १२,००० लिटर आहे आणि वर्षाची विक्री ९,००० बाटल्या, म्हणजे पावणेसात हजार लिटर. आंबिया बहाराचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे, बोर हिवाळ्यात, जांभूळ जून-जुलैत येते, म्हणजे एकच टाकी वर्षातून दोनदा तरी भरता यायला हवी. तरीही जागा पुरत नाही, याचे कारण पत्रातच आहे: गेल्या वर्षीची ५,००० लिटर संत्रा वाइन अजून टाक्यांमध्येच पडून आहे, तर जांभळाची वाइन हातोहात संपते. संत्र्याचा रस काढल्यावर लिमोनिन या घटकामुळे कडवटपणा वाढत जातो, हे बागाईतदाराला मी सांगायला नको. त्यावर तोडगा कर्जाने नव्हे, तर नागपुरातीलच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारून शोधावा.

कोटेशनमध्ये जीएसटी परत मिळेल असे आपण धरले आहे. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे टाक्यांवरचा १८ टक्के कर वजा करून घेता येत नाही, आणि ३५ लाखांचे ४१ लाख होतात. ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता महिना ७० हजार, वर्षाला साडेआठ लाख. बाटलीमागे आपल्याला ११० रुपये सुटतात, म्हणजे केवळ हप्त्यासाठी ७,७०० बाटल्या जादा विकाव्या लागतील. गेल्या वर्षी विक्री वाढली ती ९०० बाटल्यांनी. सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याच्या जानेवारी २०२२ च्या मंत्रिमंडळ निर्णयावर आपण अजून भिस्त ठेवली आहे, पण त्यातून दारूबंदीचे जिल्हे वगळलेले होते, त्यामुळे वर्धा आणि गडचिरोली हे दोन्ही दारूबंदीचे जिल्हे आपल्या बाजारपेठेच्या नकाशात धरण्यासारखे नाहीत.

म्हणून तूर्त नवे कर्ज नको आणि मुलीचे १४ लाखही या व्यवसायात नकोत. ती आठवीत आहे, चार वर्षांनी ते पैसे लागतील. त्यातील निम्मे येत्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी जोखमीच्या डेट फंडात किंवा मुदत ठेवीत हलवावेत. येत्या हंगामात संत्र्याची वाइन निम्मीच करावी, जांभळाची वाढवावी आणि त्या ५,००० लिटरचे काय होते ते पाहून मार्चनंतर पुन्हा लिहावे.