पेकिंग ऑपेरातला ‘सिन’ आणि वर्गातला ‘शिन’

चिनी भाषा शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वर्गात ‘हृदय’ या अर्थाचा शब्द ‘शिन’ असा शिकवला. पेकिंग ऑपेराच्या (चीनच्या पारंपरिक संगीतनाटकाच्या) ध्वनिमुद्रणात मात्र गायिका स्वच्छ ‘सिन’ म्हणते. बरं, ती सगळेच ‘श’ ‘स’ करते म्हणावं, तर तेही नाही. ‘आनंद’ या अर्थाचा दुसरा एक ‘शिन’ आहे, तो ती ‘शिन’च ठेवते. ही गावाकडची बोली, गायिकेची लकब, की आणखी काही?

लकब नाही आणि चूक तर मुळीच नाही. गायिका एक जुना भेद पाळते आहे. बेइजिंगच्या बोलण्यातून तो केव्हाच गेला, रंगमंचावर मात्र मुद्दाम राखला गेला. चिनी नाट्यपरंपरेत अशा उच्चारांना ‘च्येन’ आणि ‘थ्वान’ म्हणतात, म्हणजे टोकदार आणि गोल. ‘सिन’ टोकदार, ‘शिन’ गोल.

मराठी माणसाला हे समजायला फार कष्ट नकोत. ‘चांगला’तला च आणि ‘चंद्र’तला च वेगळे, हे आपली जीभ जाणते. पहिला दातांशी, दुसरा टाळूशी. पुढे ‘इ’ आली की दातांशी असलेला आपला च टाळूकडे सरकतो, हेही आपण रोज करतो. ‘उंच’चं ‘उंची’ होताना किंवा ‘माझा’चं ‘माझी’ होताना काय घडतं ते मोठ्याने म्हणून पाहा. ‘स’चीही तीच गत: दिवस-दिवशी, म्हैस-म्हशी. बेइजिंगच्या बोलीत नेमकं हेच झालं. ‘इ’ किंवा ‘यु’ (ओठांचा चंबू करून म्हटलेली इ) यांच्या आधी आलेले दंत्य त्स, त्स्ह, स हे च, छ, श झाले.

पण ही निम्मीच गोष्ट. त्याच बोलीत, त्याच स्वरांच्या आधी आलेले कंठ्य वर्णही टाळूकडे आले: क, ख, ह यांचेही च, छ, श झाले. दोन वेगळ्या दिशांनी आलेले शब्द एकाच जागी येऊन मिसळले. ‘दारू’ आणि ‘नऊ’ हे आज दोन्ही ‘च्यौ’. दारूचा शब्द मूळचा ‘त्स’चा, नऊचा ‘क’चा. ‘बाण’ आणि ‘तलवार’ दोन्ही ‘च्येन’, आणि सुरांची जातही (चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो) सारखी असल्यामुळे कानाला तसूभर फरक उरला नाही. ऑपेरातला सेनापती मात्र बाणाला ‘त्स्येन’ म्हणेल आणि तलवारीला ‘च्येन’. ‘सेनापती’ हा शब्दच पाहा ना! आजचा उच्चार ‘च्यांग-च्युन’, रंगमंचावर ‘त्स्यांग-च्युन’. एकाच शब्दात पहिलं अक्षर टोकदार, दुसरं गोल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ऑपेरा जुना ‘क’ परत आणत नाही. गोल अक्षरं तिथेही च, छ, श अशीच म्हणतात; टोकदार तेवढी दातांशी ठेवतात. म्हणजे जपला आहे तो भेद, सगळा प्राचीन उच्चार नव्हे. मूळ ‘क’ ऐकायचा तर दक्षिण चीनमधल्या कँटनकडे जावं. कँटोनीजमध्ये नऊला आजही ‘काउ’ म्हणतात.

किंवा आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकात पाहावं. पेकिंग, नानकिंग, चुंगकिंग यांतला ‘किंग’ आणि तिएन्त्सिन, त्सिंगताओ यांतला ‘त्सि’ ही रूपं जुन्या उच्चारांवर बेतलेली होती. आता नकाशात बेइजिंग, नानजिंग, तिआनजिन आलं (यांतला ‘ज’ म्हणजे वरचाच ‘च’) आणि जिंग-जिन एका माळेचे मणी दिसू लागले. ‘पेकिंग’ म्हणजे इंग्रजांनी केलेला अपभ्रंश, असं अधूनमधून छापून येतं. ते मला अन्यायाचं वाटतं, कारण त्या ‘किंग’मध्ये शहराच्या नावाचा खरा इतिहास आहे. जपान्यांनी तेच अक्षर शेकडो वर्षांपूर्वी उचललं, म्हणून तोक्योत आणि क्योतोत ‘क’ अजून शाबूत आहे.

‘टोकदार’ आणि ‘गोल’ ही नावं आली ती मांचू लोकांमुळे. चिंग राजवटीचे राज्यकर्ते मांचू होते. चिनी शब्द त्यांच्या लिपीत लिहिताना कोणत्या अक्षरासाठी कोणता वर्ण वापरायचा याचा घोळ होऊ लागला, कारण बोलीत भेद उरत नव्हता. १७४३ सालची प्रस्तावना असलेली एक पुस्तिका याच कामासाठी रचलेली आहे. मांचू लिपीत एका गटाच्या वर्णांचा आकार टोकदार आणि दुसऱ्याचा गोलसर, त्यावरून ही नावं पडली असं सांगतात. लिपिकांच्या गरजेपोटी निघालेली संज्ञा गायकांच्या तोंडी रुळली.

आणि गायकांना ती लागली, कारण पेकिंग ऑपेरा नावाने पेकिंगचा असला तरी पेकिंगात जन्मलेला नाही. १७९० मध्ये छ्येनलुंग सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी आन्हुई प्रांतातल्या मंडळ्या राजधानीत येऊ लागल्या, पुढे हुपेईचे नट त्यांना मिळाले, आणि त्या मिश्रणातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे हा प्रकार घडला. त्याची गायनभाषा तेव्हाही राजधानीची बोली नव्हती. हुपेईचे सूर, मध्य चीनच्या जुन्या यमक-परंपरेचे उच्चार, वर बेइजिंगचा थर, असं ते रसायन आहे.

विसाव्या शतकात तर सरकारनेच हा भेद साऱ्या देशावर लादायचं ठरवलं होतं! १९१३ मध्ये उच्चार एक करण्यासाठी बेइजिंगला परिषद भरली. तिथे ठरलेल्या पहिल्या ‘राष्ट्रीय उच्चारा’त टोकदार-गोल भेद होता. तो ठरवलेला उच्चार जन्मतः बोलणारा माणूस कुठेच नव्हता, त्यामुळे शिकवणार कोण? १९३२ च्या अधिकृत शब्दसूचीत बेइजिंगचा उच्चार प्रमाण ठरला आणि भेद गेला.

आता ऐकायचं कसं? माझ्या मते सगळ्यात सोयीचा नमुना म्हणजे पेकिंग ऑपेरातले नामवंत नट मेइ लानफांग यांनी १९२२ मध्ये रंगमंचावर आणलेलं ‘बावांग ब्ये ची’, राजाने प्रियेचा घेतलेला निरोप. राजा तंबूत झोपला आहे आणि राणी यू बाहेर येऊन गाते. त्या पदात ती ‘हलकेच’ पाऊल टाकते आणि पुढच्याच ओळीत आकाशातलं चांदणं ‘निर्मळ’ आहे म्हणते. बोलण्यात दोन्ही शब्द ‘छिंग’. पदात पहिला ‘छिंग’, दुसरा ‘त्स्हिंग’. लय इतकी संथ आहे की फरक सुटत नाही. चिनी गायनशास्त्रात अक्षराचे डोकं, पोट आणि शेपूट असे भाग मानतात. डोकं नीट उमटलं नाही, तर पुढे कितीही वेळ ‘इंग’ घोळवत राहिलं तरी शब्द कोणता ते कळत नाही. भेदामुळे अर्थ कळायला मदत होते, हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही. आज रंगमंचाच्या कडेला ओळी झळकतातच. पण दातांतून निसटणारा तो ‘त्स्ह’ आणि टाळूला चिकटलेला ‘छ’ आलटून पालटून आले की सपाट ओळीला धार येते. तो गेला तर संगीताचंच नुकसान.

दोन सावधगिरीच्या सूचना. बेइजिंगच्या काही तरुण मुलींच्या बोलण्यातही ‘सिन’ ऐकू येतं आणि त्याची नोंद शंभर वर्षांपूर्वीही झालेली आहे. पण त्या ‘हृदय’ आणि ‘आनंद’ दोन्हींना ‘सिन’ म्हणतात. म्हणजे ती नवी ढब, जुना भेद नव्हे. आणि ऑपेरातही सगळी पात्रं हा नियम पाळत नाहीत. विदूषक आणि चंचल तरुणी गद्य बोलतात ते बरंचसं रस्त्यावरच्या बेइजिंगी बोलीत. सांस्कृतिक क्रांतीच्या काळातल्या आधुनिक संगीतिकांनी तर प्रमाण बोलीच्या नादात हा भेद मोठ्या प्रमाणावर सोडला.

स्वतः गाऊन पाहणार असाल तर नियम कानाने सापडणार नाही, अक्षरागणिक पाठ करावा लागेल. थोडी मदत लिपीची होते. ‘निर्मळ’चं जे अक्षर, त्याच्या उजव्या भागात ‘निळा-हिरवा’ या अर्थाचं चिन्ह आहे; ते चिन्ह असलेली ‘भावना’, ‘सार’ वगैरे अक्षरंही टोकदारच. ‘हलका’ या अक्षरात दुसरं चिन्ह आहे, आणि तेच चिन्ह असलेलं ‘धर्मग्रंथ’ हे अक्षरही गोल. जपानी येत असेल तर आणखी सोपं: तिथल्या चिनी वळणाच्या उच्चारात ‘क’ असेल तर चिनीत गोल, ‘स’ किंवा ‘श’ असेल तर टोकदार, असं धरून चालायला हरकत नाही. वर्गात मात्र ‘शिन’च म्हणा.