पोस्ट काढायची हे स्वप्न झालं, उद्या सकाळी काय करणार ते लिही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २६, एमपीएससीच्या राज्यसेवेच्या दोन प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, गेल्या, त्यातली दुसरी चार मार्कांनी. भिंतीवर ‘उपजिल्हाधिकारी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंयस, रोज सकाळी बघतोस, तरी दिवस हातातून निसटतो. आणि विचारतोयस, ध्येय ठरवायचं म्हणजे नेमकं करायचं काय? धाकट्या भावाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. मी याच परीक्षांचा अभ्यास करत पुण्यात नवी पेठेत सात वर्षं काढली. उपजिल्हाधिकारी झालो नाही, आज राज्यकर निरीक्षक आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचशील.

भिंतीवरचा कागद काढू नकोस. पण त्याला ध्येय म्हणू नकोस, ते स्वप्न आहे. त्यातलं तुझ्या हातात काय आहे ते बघ. जागा किती निघणार, कटऑफ कुठे थांबणार, पेपर कधी होणार, यातलं काहीच नाही. आमची २०२०ची राज्यसेवा प्री ५ एप्रिलला होती. लॉकडाऊन लागलं, तारखा पुढे पुढे जात राहिल्या. शेवटी १४ मार्च २०२१ ठरली आणि ११ तारखेला, तीन दिवस आधी, पुन्हा पुढे ढकलल्याचं पत्रक आलं. त्या दिवशी पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, मीही होतो. मग २१ मार्चला पेपर झाला. ज्यांनी सगळं त्या एका तारखेला टांगून ठेवलं होतं ती मुलं त्या वर्षभरात खचली. त्यातली काही माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी जवळून पाहिलंय.

आता स्वप्नाबद्दल. हे पद का हवं, ते एकदा खरं खरं लिहून काढ. माझं सांगतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. आमची ज्वारी आडवी झाली होती. पंचनाम्याला एक अधिकारी आल्या, चिखलात चप्पल काढून थेट सरीत उतरल्या आणि तलाठ्याला म्हणाल्या, “बांधावरून लिहू नका, आत येऊन बघा.” तेव्हा मी बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला होतो. जूनमध्ये पुण्याची एसटी पकडली. पण नवी पेठेत दोन-तीन वर्षं गेल्यावर त्या सरीची जागा गाडीने घेतली, लाल दिव्याच्या गाडीने. १ मे २०१७पासून सरकारने गाड्यांवरचे लाल दिवे काढले. अभ्यासिकेत त्या दिवशी बरीच मुलं हळहळली आणि मलाही वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याची मला रात्रभर लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, ‘अडलेल्या माणसाचं काम जागेवर जाऊन करणं.’ हे उपजिल्हाधिकारी होऊन करता येतं, तसं इतरही पाच-सहा पदांवर करता येतं. म्हणून संयुक्तचे, म्हणजे राज्यकर निरीक्षकासारख्या पदांच्या एकत्र परीक्षेचे, फॉर्म भरायला लागलो. तोवर ते मला खालचं वाटायचं. आज नोंदणीच्या पडताळणीला एखाद्या छोट्या दुकानात जातो, कागदांना घाबरलेल्या माणसाजवळ बसून त्याला एकेक कागद समजावतो, तेव्हा ती ओळ आठवते.

स्वप्न एवढं सोलून झालं की ध्येय ठरवणं सोपं जातं. अवघड जातं ते मोजायचं काय हे ठरवणं. मी पहिली तीन वर्षं तास मोजले. डायरीत रोज ‘१२ तास’, ‘११ तास’. एकदा प्रामाणिकपणे घड्याळ लावलं तर त्या बारा तासांत टपरीवरचे तीन चहा, पेपरवाचनाच्या नावाखाली दीड तास आणि मित्राच्या टेबलाजवळची चर्चा असं सगळं निघालं. तास हे मोजमापच चुकीचं होतं.

मग चुकांची वही सुरू केली. दर रविवारी सकाळी मागच्या वर्षांचा एक पूर्ण पेपर, १०० प्रश्न, घड्याळ लावून. दुपारी तपासणी. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत, तीन रकाने पाडून. पहिला: माहीतच नव्हतं. दुसरा: माहीत होतं पण दोन पर्यायांत अडकलो. तिसरा: वाचण्यात चूक. महिनाभरात दिसलं की जवळपास प्रत्येक पेपरात सात-आठ प्रश्न तिसऱ्या रकान्यात जातायत. ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?’ यातला ‘नाही’ मी गिळत होतो. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो, म्हणजे प्रश्न एका मार्काचा धरला तरी येत असलेल्या गोष्टींसाठी मी नऊ-दहा मार्क सोडून येत होतो. तुझे चार मार्क कुठे गेले असतील याचा विचार कर.

त्या महिन्यापुरतं माझं ध्येय एवढंच झालं: प्रश्नातल्या प्रत्येक ‘नाही’खाली पेन्सिलने रेघ आणि तिसरा रकाना दोनच्या खाली. त्यासाठी नवीन पुस्तक, नवीन बॅच, काही लागलं नाही. पाचव्या रविवारी त्या रकान्यात एकच प्रश्न होता. तीन वर्षांत पहिल्यांदा मला रात्री समाधानाने झोप लागली, कारण जे ठरवलं ते झालंय की नाही हे सांगायला आयोगाची गरज नव्हती, वही समोर होती.

दुसरा रकाना मात्र चिवट असतो. त्याला रिव्हिजनशिवाय इलाज नाही. एका विषयाची तीन पुस्तकं एकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक चारदा वाच, एवढंच म्हणेन.

तुझ्यापुढे आणखी एक गोष्ट आहे जी आमच्यापुढे नव्हती. आमची मेन्स, म्हणजे राज्यसेवेची मुख्य परीक्षा, ८०० मार्कांची आणि बरीचशी पर्याय निवडायची होती. आता ती वर्णनात्मक आहे: नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजीचे दोन फक्त पात्रतेपुरते, बाकी सात मिळून १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. म्हणजे पर्यायांना गोल करायची सवय झालेल्या हाताला लिहायला शिकवावं लागणार. प्री होईपर्यंत थांबलास तर उशीर होईल. रोज एक उत्तर, हाताने, वेळ लावून. चांगलं झालं पाहिजे असं नाही, रोज झालं पाहिजे. आठवड्यातून एकदा ती सात उत्तरं एखाद्या अशा मित्राला दाखव जो तोंडावर वाईट म्हणेल. मेन्ससाठी स्वतः निवडायचा वैकल्पिक विषय अजून ठरला नसेल, तर सध्या तेच तुझं पहिलं ध्येय समज आणि त्याला महिन्याच्या वर वेळ देऊ नकोस.

शेवटचा मुद्दा कुणी बोलत नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थांबायची तारीख. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वयापर्यंत दार उघडं आहे, आणि त्या उघड्या दारामुळेच माणूस आत बसून राहतो. २०१९च्या दिवाळीत सोयाबीनची रास चालू होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, पोती शिवत होते. तेव्हा ते मला महिन्याला सात हजार पाठवायचे: कॉट, मेस, अभ्यासिका धरून. त्यांनी सुई न थांबवता विचारलं, “अजून किती वर्षं?” मी नेहमीसारखं ‘बघू’ म्हणालो. तर म्हणाले, “बघू नको. तारीख सांग. त्या तारखेपर्यंत मी विचारणार नाही.” मी ३१ डिसेंबर २०२१ सांगितली. त्यांनी शब्द पाळला, मग मलाही पाळावा लागला. ती तारीख आली तेव्हा संयुक्तची मेन्स बाकी होती, तरी खोली सोडली. गावी येऊन खतं-बियाणांच्या दुकानात काम धरलं आणि मेन्सचा अभ्यास पहाटे चार ते आठ केला. पोस्ट तिथून निघाली. पुण्यात राहिलो असतो तर निघाली असती का, माहीत नाही. पण घरच्यांशी नजर मिळवून अभ्यास करता आला, त्याचा फार आधार होता.

तेव्हा घरी फोन कर, आई-वडिलांना तारीख दे. त्या तारखेनंतर काय करशील तेही एका ओळीत सांग, अगदी साधं असलं तरी चालेल. मग या रविवारी एक पेपर सोडव, चुका तीन रकान्यांत टाक आणि इथे लिही की कोणत्या रकान्यात किती पडले. पुढचा महिना कशाला द्यायचा ते त्या आकड्यांवरून ठरवू.