तिसऱ्या मोजणीचे पैसे राहू द्या, आधी तारीख बघा

कोथरूडच्या एका वाचकाचं पत्र आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात वडिलोपार्जित 1 हेक्टर 20 आर जमीन. मे 2015 मध्ये शेजाऱ्याने सिमेंटचे खांब रोवून तारेचं कुंपण घातलं. 2016 मध्ये हद्द कायम मोजणी (जमिनीची हद्द ठरवणारी सरकारी मोजणी) केली, तर सहा गुंठे त्याच्या वहिवाटीत निघाले. 2021 मध्ये पुन्हा मोजणी, पुन्हा तेच सहा गुंठे. आता तिसरा अर्ज करायचाय. नियमित मोजणीची फी भरावी की द्रुतगतीची, आणि या वेळी तरी मोजणी करणारं भूमी अभिलेख खातं ताबा मिळवून देईल का, असा प्रश्न आहे. अशी पत्रं सतत येतात. गाव आणि गुंठे तेवढे बदलतात.

फीचं आधी उरकतो. 1 डिसेंबर 2024 पासून ग्रामीण भागात 2 हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2,000 आणि द्रुतगतीला 8,000 रुपये पडतात. म्हणजे 6,000 रुपये जास्त भरून तुम्हाला तेच सहा गुंठे जरा लवकर कळतील. भूकरमापक, म्हणजे खात्याचा मोजणीदार, हद्द दाखवतो, खुणा करून देतो, 'क' प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा निघतो. कुंपण उपटायचा अधिकार त्याला नाही. पुढे दाव्यात वाद उभा राहिला तर कोर्ट बहुतेक वेळा भूमी अभिलेखच्याच अधिकाऱ्याला कमिशनर नेमून जागा नव्याने मोजायला लावतं, आणि त्याची फी पुन्हा तुमच्याच खिशातून जाते. म्हणून तिसरी मोजणी नको.

तुमच्या चार पानी पत्रात कामाची ओळ एकच आहे, तीही जाता जाता लिहिलेली: कुंपण मे 2015 चं आहे. मालकीच्या आधारे ताबा परत मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 65 खाली 12 वर्षं मिळतात, समोरच्याचा कब्जा तुमच्या हक्काविरुद्ध झाला त्या दिवसापासून. कुंपणापासून मोजली तर ती मे 2027 मध्ये संपतात. आणि त्याच कायद्याचं कलम 27 असं सांगतं की मुदत टळली की नुसता दावा बुडत नाही, त्या जमिनीवरचा हक्कच संपतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकंच तिचं बळ.

दोन मोजण्या, वकिलाची नोटीस, तलाठ्याकडचा अर्ज, गावच्या बैठका, यातल्या कशानेही हे घड्याळ थांबलेलं नाही. ते थांबतं दावा दाखल झाल्यावर. "संबंध बिघडायला नकोत म्हणून गप्प बसलो" असं तुम्ही लिहिता. सुधारले का मग संबंध? 'क' प्रत हातात असताना पहिली पाच वर्षं तुम्ही तिला प्लास्टिकच्या फोल्डरात ठेवलंत, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता शेजारी काय म्हणेल? कुंपण 2012 चं आहे, किंवा थेट "आमच्या आज्यापासून इथवरच वहिवाट आहे". मग मुदत आधीच संपली, असा त्याचा पवित्रा. प्रतिकूल कब्जा, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे 12 वर्षं धरलेला ताबा, सिद्ध करायची जबाबदारी त्याची आहे आणि ती सोपी नाही. पण 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असा कब्जेदार त्या आधारावर स्वतःहूनही दावा लावू शकतो, तेव्हा बेसावध राहू नका. गूगल अर्थवर त्या शेताची 2015 च्या आधीची चित्रं मिळतात का बघा. मिळाली तर तारखेसह काढून ठेवा.

तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 138 खाली निष्कासनाचा, म्हणजे शेजाऱ्याला त्या जागेतून हटवण्याचा, अर्ज करता येतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. साध्या मोजणीवर तो टिकेल का, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. करायचा तर करा, पण त्या फाइलच्या भरवशावर दिवाणी मुदत घालवू नका. तिथल्या तारखा कशा पडतात हे वेगळं सांगायला नको.

दावा खेड तालुक्याच्या ठिकाणी, राजगुरुनगरच्या दिवाणी न्यायालयात लावा. बहीण सहहिस्सेदार असली तरी अतिक्रमण करणाऱ्याविरुद्ध एकटा हिस्सेदारही दावा लावू शकतो. तिची सही मिळेपर्यंत थांबू नका. मोजणी अधिकाऱ्यांना उगाच प्रतिवादी करू नका, नाहीतर सरकारी अधिकाऱ्यांवरच्या दाव्याआधी द्यावी लागणारी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस मागे लागेल. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते. सुट्टीत मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा चालतो, पण इतक्या काठावरून चालायची हौस कशाला?

आणि या आठवड्यातच एक काम करा. 2016 च्या 'क' प्रतीवर "लगतधारक हजर, जबाब सोबत" असा शेरा आहे (लगतधारक म्हणजे शेजारचा जमीनधारक), पण जबाब तुम्ही पाठवलेला नाही. बहुधा कधी पाहिलेलाही नाही. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात त्या मोजणी प्रकरणातल्या जबाबाच्या आणि पंचनाम्याच्या नकलेसाठी अर्ज द्या. शेजाऱ्याने तिथे "मोजणी मान्य, पीक निघाल्यावर जागा सोडतो" असं लिहून दिलं असेल, तर मुदत कायद्याच्या कलम 18 खाली त्या तारखेपासून नवी मुदत धरावी असं मांडता येईल. त्या भरवशावर दावा मात्र लांबवू नका. नक्कल हातात पडली की आधी एवढंच बघा: सही शेजाऱ्याची स्वतःची आहे, की त्या दिवशी बांधावर हजर असलेल्या त्याच्या मुलाने ठोकून दिली आहे.