भिंत साडेनऊ फूट, एफडी दोन लाख

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय: नव्या फ्लॅटच्या हॉलच्या तीन भिंतींना १९५०च्या दशकातल्या धर्तीचा, मोठ्या नक्षीचा इम्पोर्टेड वॉलपेपर लावायचाय. दुकानदाराने सहा रोल, ५४,००० रुपये सांगितलेत. त्यासाठी दोन लाखांची एफडी मोडू का? घरखर्च गृहकर्जाच्या हप्त्यासकट महिना ६२,०००.

ताई, आधी टेप घेऊ. दुकानदाराचा हिशेब चौरस फुटांचा आहे. सोफ्यामागची भिंत बारा बाय साडेनऊ, म्हणजे ११४ चौरस फूट. एक रोल साधारण ५७चा. झाले दोन रोल. पण वॉलपेपर रंगासारखा पसरत नाही, पट्ट्यांनी लागतो. २१ इंची सात पट्ट्या लागतील. तुम्ही निवडलेली नक्षी दर तीन फुटांनी फिरून येते, त्यामुळे शेजारच्या पट्टीशी जुळवायची तर पुढची पट्टी बारा फुटांवरूनच कापावी लागते. ३३ फुटांच्या रोलमधून दोन पट्ट्या काढल्या की तिसरीला उरतात नऊ फूट. भिंत साडेनऊ! अर्ध्या फुटापायी तिसरी पट्टी हातची गेली. या एका भिंतीलाच चार रोल झाले. बाकीच्या दोन दहा-दहा फुटी भिंतींना तीन-तीन धरा. एकूण दहा रोल, ९०,००० रुपये, लावणावळ वेगळी.

एफडी मोडल्यावर बँक व्याजात थोडं कापेल, त्याचं मला विशेष नाही. पण आज ती एफडी तुमचा जेमतेम तीन महिन्यांचा खर्च भागवते. मोडलीत तर दोन महिनेही निघणार नाहीत, आणि गृहकर्ज चालू असताना मी सहा महिन्यांची तजवीज असावी म्हणतो. दुकानातले ‘नो कॉस्ट’ हप्तेही नकोत. रोखीची सवलत त्यात जात असेल तर तेच व्याज समजा.

नक्षी सुरेख आहे, प्रश्नच नाही. १९५१च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी तर इन्सुलिनच्या स्फटिकरचनेवरूनही वॉलपेपर काढले होते. (आमच्या घरी इन्सुलिन फक्त फ्रिजच्या दारात असतं.) पण त्या काळी तिथे असा ठसठशीत कागद बऱ्याचदा एकाच भिंतीला लावत, बाकीच्या साध्या ठेवत. छोट्या दिवाणखान्यात तेच शोभायचं. तुमच्या हॉललाही तेच शोभेल.

तेव्हा फक्त सोफ्यामागची भिंत करा, ३६,०००. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत महिना ९,००० बाजूला टाका, एफडीला हात नको. तोवर नव्या बांधकामावरून एक पावसाळाही जाईल. ओल असेल तर ती कागदाखाली दडण्याआधी दिसलेली बरी.

चारही रोल एकदमच आणि एकाच बॅच नंबरचे घ्या. मागून आणलेल्या रोलची छटा हमखास वेगळी निघते. आणि एस्टिमेटवर नक्षीची फेर किती इंचांची, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.