बंद करायची नाही, आधी फोन

अरे, तुझा रात्रीचा मेसेज तीनदा वाचला. डिप्रेशनची गोळी सुरू करून नऊ दिवस झाले, मळमळतंय, झोप उडालीय, मूड आहे तिथेच, मग घ्यायची कशाला. तुझा वैताग कळतो रे, त्रास पहिल्या दिवसापासून रोख आणि गुण मात्र उधारीवर. फरक जाणवायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, नीट कळायला 6 ते 8. मळमळ बहुतेकांची एकदोन आठवड्यांत ओसरते. ही गोळी ज्या रसायनावर काम करते ते सेरोटोनिन डोक्यापेक्षा आतड्यातच जास्त असतं म्हणून आधी पोट बोंबलतं, तेव्हा काहीतरी खाऊन गोळी घे. झोप उडते तर सकाळी घेऊ का हे डॉक्टरांना विचार. विचार म्हणतोय मी, परस्पर ठरवू नकोस.

बंद करायची नाही, आधी फोन.

मी व्हेनलाफॅक्सिनवर होतो, तेही डिप्रेशनचंच औषध. एका शुक्रवारी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं, संपला विषय. रविवारी जिना उतरताना नजर बाजूला वळवली आणि डोक्यात झट्, शॉक बसल्यासारखं. परत वळवली, परत झट्. भिंतीला धरून खाली आलो, पुढचे चार दिवस चक्कर आणि घरच्यांवर खेकसणं, मला वाटलं मेंदूच गेला. नंतर कळलं, हे औषध शरीरातून फार लवकर निघून जातं म्हणून अचानक तोडलं की असं होतं. त्याच कामाचं दुसरं औषध, फ्लुओक्सेटीन, कितीतरी आठवडे रेंगाळतं. म्हणजे प्रत्येकाचा सोडायचा वेग वेगळा, तो आपण घरी बसून काढायचा नसतो.

आणि बंद का केली, तर लाज. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि गोळीने शरीरसंबंधाची इच्छाच मेलेली, हे बोलायचं कसं? डॉक्टरांनीही कधी विचारलं नाही, मान खाली घालून लिहायचे, पाच मिनिटांत पुढचा पेशंट. त्यामुळे सगळी चूक माझीच होती असं मी आजही मानत नाही. पण भोगलं मीच ना. हा त्रास मळमळीसारखा आपोआप जाईलच असं नसतं, पण डोस कमी करणं, औषध बदलणं, दुसरं जोडणं असे उपाय असतात, ते मला सहा महिने उशिरा कळले.

म्हणून वही घे. "मंगळवार, गोळी 9 ला, मळमळ 11 पर्यंत, दहापैकी 6, झोप 4 तास." एवढंच लिही, निबंध नको. पेनकिलर वगैरे काही घेतलंस तर तेही लिही, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी यासोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून थांबायची नाही. तू 22 चा आहेस, पंचविशीच्या आत सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना जास्त लक्ष ठेवावं लागतं. एका जागी बसवेना, आतून तडफड व्हायला लागली, मरणाचे विचार आले किंवा वाढले, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच तासाला फोन. डॉक्टर उचलत नसतील तर सरळ इमर्जन्सीला, आणि एकटा राहू नकोस. घरात एकाला हे आजच सांगून ठेव.

बंद करायची नाही, आधी फोन. कंटाळलास ना ऐकून? कंटाळ.

सोमवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा वहीचे फोटो मला पाठव. नको, मला कशाला, त्यांच्या टेबलावर उघडी ठेव, म्हणजे जे बोलवत नाही ते ते वाचतील.