खाजवलं की अंगावर गांध्या उठतात, आईलाही व्हायचं. हे आनुवंशिक असतं का, मुलीला होईल का?

तुम्ही लिहिलंय की सॅकचा पट्टा जिथे घासतो तिथेच गांधी उठते आणि अर्ध्या तासात जाते, त्यावरून हा डर्मोग्राफिझम, म्हणजे नुसतं घासल्याने गांध्या उठण्याचा प्रकार वाटतोय. मी डॉक्टर नाही, पुण्यात कॉलेजला बायोटेक शिकवते. पण हे शंभरात दोन ते पाच जणांना असतं, त्यामुळे आईलाही होतं हा नुसता योगायोगही असू शकतो.

त्वचेत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन ठासून भरलेलं असतं. खऱ्या अ‍ॅलर्जीत आयजीई अँटिबॉडीने कोळंबी किंवा शेंगदाणा ओळखला की ते बाहेर पडतं, तुमच्या केसमध्ये नुसतं घासलं तरी पडतं, मग बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन त्यातलं पाणी त्वचेत झिरपतं ती झाली गांधी, आणि नसा चेतवल्या जातात म्हणून खाज आणि भोवतीचा लालपणा. कुणाला डिसेंबरात सकाळी गाडीवर गार वारा लागून होतं, कुणाला सिंहगड चढताना घाम फुटला की बारीक पुरळ येतं. पेशी त्याच, निमित्त वेगळं.

शेजारच्या काकू काँग्रेस गवताला दोष देतायत ते मात्र इथे बसत नाही. ते गवत 1950च्या दशकात आधी पुण्यातच दिसलं हे खरं, पण त्याची अ‍ॅलर्जी टी सेल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींची, एक-दोन दिवसांनी येते आणि इसबासारखी रेंगाळते.

आता जीन्स. दमा, इसब, अ‍ॅलर्जी यांचा कल घराण्यात असतो, पण तो बऱ्याच जीन्सचा मिळून, मुलीला होणारच असं कुणी सांगू शकत नाही. एकाच जीनचे प्रकार दुर्मिळ. 2016 मध्ये एडीजीआरई2 नावाच्या जीनमधला बदल सापडला, त्यात नुसत्या कंपनाने गांध्या उठतात (आपल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला हे असतं तर बघायलाच नको). दुसरा सर्पिंग1 जीनचा, त्यात आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता, पण त्यात गांध्या नाहीत, खाज नाही, ओठ, हातपाय, कधी घसा सुजतो आणि नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी उतरत नाही. घरात असं कुणाला झालेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आमसुलाचं पाणी चोळायला हरकत नाही, गार वाटतं, पण मास्ट सेलना त्याचा पत्ताही लागत नाही. एकच गांधी 24 तासांहून जास्त एका जागी राहिली किंवा जाताना डाग ठेवून गेली तर स्किनवाल्यांना दाखवा. आणि जीभ सुजली, श्वास लागला तर गुगल करत बसू नका, 108 लावा.